बाहीला बाही

लाकडाचा भुसा न्यायला ती गेली, तेव्हा सुतारकाकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, सशांना पिल्लं झाली का? लढाई सुरू झाल्यापासून ती पिशव्या भरभरून भुसा नेत होती. कशासाठी, ते सांगायची बंदी होती, म्हणून तिनं सशांची थाप मारली होती, आणि ती थाप आता चांगली बाळसेदार झाली होती. काकांनी सशांसाठी गाजराचा पालासुद्धा बाजूला ठेवलेला असायचा. तिनं निमूटपणे पाला घेतला, पिशवी खांद्याला अडकवली आणि ती सरकारी कचेरीच्या तळघरात उतरली.

तळघरात एक शहर होतं.

शत्रूचं शहर. लांबलचक टेबलावर पुठ्ठा, प्लास्टर आणि तारा यांतून ते तिनं आणि मास्तरांनी उभं केलं होतं. मास्तर लढाईआधी भूगोल शिकवायचे. आता ते विमानातून काढलेले फोटो भिंगाखाली धरून वाचायचे. सावली किती लांब आहे यावरून घर किती उंच ते सांगायचे, आणि त्या मापानं ती पुठ्ठा कापायची. भुसा हिरव्या रंगात बुडवला की झाडं व्हायची. काड्यापेटीतल्या काड्यांचे जिने व्हायचे. अशा काड्या, दोरे, बटणं ती कुठून कुठून गोळा करून खणात दडवायची, म्हणून घरी तिचा धाकटा भाऊ तिला खारूताई म्हणायचा, आणि ते नाव मास्तरांनीही उचललं होतं. कामाचा नियम एकच होता. जे फोटोत नाही, ते टेबलावर नाही.

शहर पुरं झालं की मोठी माणसं यायची, टेबलावर वाकायची आणि बाँब कुठं टाकायचे ते ठरवून जायची. त्यांच्यासाठी टेबलाच्या कडेला फिरता दिवा होता. ज्या वेळी हल्ला करायचा, त्या वेळचा सूर्य म्हणून तो सरकवायचा. सूर्य सरकवणं हे खारूताईचं काम.

आणि धाकटा? तो सैन्यात बिनतारी यंत्रावर होता. त्याची तुकडी वेढली गेली, आणि घरी निरोप आला की तो कैदेत आहे. कुठल्या कैदेत, जिवंत की कसा, हे सांगणारं कुणी नव्हतं. आई जाऊन वर्ष झालं होतं. घरात आता ती एकटीचंच ताट मांडायची, आणि रोज चुकून दुसरंही मांडायची.

त्या सकाळी मास्तर नवे फोटो आणायला वर गेले होते. ती आत शिरली आणि दारातच थबकली. तळघराला एरवी सरसाचा आंबूस वास असायचा. आज मात्र साबणाचा वास येत होता. धुतलेल्या, उन्हात पसरलेल्या कपड्यांचा. त्या खोलीत ऊन कधी आलंच नव्हतं.

अंधारात कुठंतरी पाणी ठिबकत होतं. थेंब… थोडी उसंत… मग पुन्हा थेंब.

तिनं दिवा लावला. शहराच्या टोकाला सूतगिरणी होती. तिच्या सपाट गच्चीवर, या धुराड्यापासून त्या धुराड्यापर्यंत, एक दोरा ताणलेला होता. त्यावर नखाएवढे सदरे वाळत होते. तिनं बोट लावलं. ओले होते. खाली पुठ्ठ्याच्या अंगणात पाण्याचा डाग पसरत होता.

ती खाली वाकली. सदऱ्यांना चिमटे नव्हते. एकाची बाही दुसऱ्याच्या बाहीला बांधलेली होती, दुसऱ्याची तिसऱ्याच्या. चिमटे शोधायचा कंटाळा म्हणून धाकटा लहानपणापासून असेच कपडे वाळत घालायचा. आई वैतागायची, म्हणायची, कपडे वाळत घातलेस की त्यांना हातात हात घालून फिरायला पाठवतोयस?

मास्तर आले. त्यांनी पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ही थट्टा तिची नाही हे तिच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. त्यांनी गिरणीचे सगळे फोटो भिंगाखाली घातले. गच्ची रिकामी होती.

“फोटोत नाही, खारूताई,” ते हळूच म्हणाले. त्यांनी टेबलावरचा कामाचा बारीक चिमटा उचलला, सदऱ्यापाशी नेला, आणि हात तसाच मागे घेतला. “मला… मला नाही काढवत. तूच काढ.”

तिनं काढले नाहीत.

त्याच दुपारी मंत्री आले, हवाईप्रमुख आले. विमानं एकाच हल्ल्यापुरती होती, आणि लक्ष्यं दोन होती. एक सूतगिरणी, कारण तिच्यात दारूगोळा साठवलाय असा संशय होता. दुसरं नदीवरचा पूल. बोलणं शांतपणे चाललं होतं, जणू घराला कुठला रंग द्यायचा ते ठरतंय. त्या खोलीत घर हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. सगळी लक्ष्यं. माणूस तर शहरात राहतच नव्हता जसा! हवाईप्रमुखांची छडी गिरणीवर टेकली होती, आणि कल तिकडंच होता.

मंत्र्यांनी तिला दिवा दुपारवर आणायला सांगितला. तिनं सूर्य सरकवला. गच्चीवरच्या सदऱ्यांची सावली अंगणात पडली, एकमेकांचे हात धरून उभ्या माणसांच्या रांगेसारखी.

“हे काय आहे?” मंत्र्यांनी विचारलं.

“कपडे, साहेब. वाळत घातलेत.”

हवाईप्रमुखांनी मास्तरांकडं वळून, हे फोटोत आहे का म्हणून विचारलं. मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं. एक ‘हो’ पुरलं असतं, आणि मास्तर ते म्हणायला निघालेही होते. पण मग फोटो दाखवायला लागला असता.

“नाही,” तीच म्हणाली. “फोटोत नाही. पण तिथं आपली माणसं आहेत. ही गाठ माझ्या भावाची आहे.”

हवाईप्रमुख हसले. आता मोहिमा कपड्यांच्या दोरीवर ठरवायच्या का, असं काहीतरी ते बोलले. मंत्री मात्र गच्चीकडंच पाहत होते. ते म्हातारे होते, खोकत होते. त्यांनी वाकून एका सदऱ्याला बोट लावलं. मग बोट उजेडात धरून पाहिलं, अंगठ्यावर घासलं आणि नाकापाशी नेलं. सदऱ्यांतून पाणी ठिबकत होतं…

“गिरणी नको,” ते म्हणाले. “पूल घ्या.”

तिला रडूच फुटलं. आनंदानं. मग डोळे पुसता पुसता तिची नजर पुलावर गेली. पुलाला खेटून घरं होती, तिनंच चिकटवलेली. कोपऱ्यावरच्या घराला बाहेरून जिना होता, आणि त्या जिन्याच्या एकेका काडीसाठी तिनं सगळी दुपार घालवली होती. तिनं तोंड उघडलं. मोठी माणसं टोप्या घालत होती. तिनं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर दोरा नव्हता. त्याच दुपारी विमानं गेली आणि पूल पाडून आली. मग नवे फोटो आले, आणि नियमाप्रमाणे जे त्यांत उरलं नव्हतं ते टेबलावरून काढायचं होतं. मास्तर वाचत गेले, ती पातं घालून एकेक घर खरवडत गेली. कोपऱ्यावरचं घर निघता निघेना. जिना मोडला तेव्हा त्याचा बारीकसा आवाज झाला.

आणि धाकटा परत आला!

दोन्ही बाजूंनी आजारी कैदी सोडायचं ठरलं, तेव्हा एका आगगाडीतून तो उतरला. इतका वाळलेला, की आधी तिनं त्याला ओळखलंच नाही. तो म्हणाला, “खारूताई, तू जाड झालीस गं,” आणि तिनं त्याला तिथंच फलाटावर एक चापट मारली, मग कितीतरी वेळ सोडलंच नाही. घरी तिनं दोन ताटं मांडली. चुकून नव्हे.

चार दिवसांनी त्याला बराच वेळ उभं राहता यायला लागलं, तेव्हा तो अंगणात कपडे वाळत घालत होता. बाहीला बाही बांधत. तिनं ओल्या कपड्यांची बादली खाली ठेवली आणि ज्या प्रश्नाला ती भीत होती तो विचारला.

ते सूतगिरणीच्या तळघरातच होते, त्यानं सांगितलं. कैद्यांना गच्चीवर जाऊ देत नसत. पण पहारेकऱ्यांचे कपडे धुवायला एक बाई यायची. तिची भाषा कुणाला येत नव्हती, म्हणून सगळे तिला आपले मावशी म्हणायचे. ती पहारेकऱ्यांच्या गाठोड्यात लपवून यांचेही सदरे धुवून आणायची. तिच्याकडं चिमटे नव्हते, तेव्हा यानं तिला ही गाठ शिकवली.

“खूप हसली बघ. मग गुडघ्याएवढ्या उंचीवर हात धरून दाखवला. म्हणजे लहान मुलं अशी हात धरून जातात, असं असेल. किंवा तिच्या घरी तेवढं कुणी असेल… कळलं नाही. एक दिवस तिनं आमचे सदरे उघड उघड गच्चीवर घातले. पहारेकरी ओरडले, तरी तिनं ते सबंध दिवस काढले नाहीत. दुसऱ्या दिवशी विमानं आली, आणि आमच्यावरून पुढं गेली.”

“आणि मावशी?”

“त्यानंतर आली नाही. काम सुटलं असेल. पुलाजवळ राहायची, एकदा आम्हाला गाडीतून नेताना ती दारात दिसली होती. कोपऱ्याचं घर, बाहेरून जिना.” त्यानं शेवटची बाही बांधली. “लढाई संपली की जाऊ आपण. तुला भेटवतो तिला. येशील ना?”

“येईन,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती तळघरात उतरली, तेव्हा मास्तर यायचे होते. दार उघडताच साबणाचा वास आला. धुतलेल्या, उन्हात पसरलेल्या कपड्यांचा. तिनं दिवा लावला. पुलाजवळ, जिथून तिनं घरं खरवडली होती, त्या उघड्या पांढऱ्या जागेच्या वर एक दोरा होता. तो कशालाच बांधलेला नव्हता. अधांतरी ताणलेला होता, रिकामा, नुसता हलत होता.

पण ठिबकणं चालू होतं. थेंब… उसंत… थेंब. आवाज टेबलाकडून येत नव्हता. तो तिच्या पाठीमागून येत होता.

ती हळूच वळली. दारामागच्या खिळ्याला तिचा कामाचा एप्रन होता. काल संध्याकाळी तिनं तो तिथं अडकवला, तेव्हा प्लास्टरनं तो कडक झालेला होता. आता तो स्वच्छ होता. इतक्या महिन्यांचा एकही डाग राहिला नव्हता, आणि खाली फरशीवर पाणी साचलं होतं.

एप्रनच्या बंदाला ती गाठ होती. गाठीत एक बाही होती. आणि बाहीला एक छोटासा सदरा लोंबत होता, गुडघ्याएवढ्या पोराला होईल असा.

तिनं तो दोन्ही हातांत घेतला. धुऊन काढलेला, ओला, आणि अजून कोमट होता.