सरावापुरत्या बाई

"बाई, आज तरी पाहुण्यांसारखं वाजवा ना! नाक वर करून!" मागच्या रांगेतून ट्रम्पेटवाला ओरडला आणि सगळा किशोर वाद्यवृंद खिदळला.

पियानोसमोर बसलेल्या बाईंनी खरोखरच नाक वर केलं, मान झटकली, आणि मुलांचं हसू ओसरायच्या आत पहिले स्वर छेडले...

बाई म्हणजे वाद्यवृंदाच्या संचालिकेची आई. कॉन्चेर्टोत, म्हणजे एक वाद्य पुढे आणि बाकी वृंद त्याच्या साथीला अशा रचनेत, पियानो वाजवायला दरवर्षी बाहेरून कोणी नामवंत पाहुणा येई. पण तो उगवायचा मैफलीच्या आदल्या दिवशी, आणि तोवर महिनोन्‌महिने तालमींत त्याची जागा भरून काढायची ती आईने. पाहुणा आला की ती मुकाट उठे आणि प्रेक्षकांत मागे कुठेतरी जाऊन बसे. तालमीच्या खोलीत लेकही तिला 'बाई'च म्हणे. नियम आईचाच होता. "इथे मी तुझी कोणी नाही. लेकीने आईची वर्णी लावली, असं उगाच कोणी म्हणायला नको!" लेकीने तो नियम इतका पाळला, की मैफलीत आईच का नको, हा विषय तिने पाहुणा ठरवणाऱ्या समितीपुढे कधी काढलाच नाही... आणि आईनेही चेहऱ्यावर कधी काही दिसू दिलं नाही!

तालीम संपवून दोघी घरी आल्या. "दमले गं. जरा पडते, चहाच्या वेळी हाक मार," आई म्हणाली.

लेकीने हाक मारली. पुन्हा मारली. आई उठली नाही.

मैफल पुढे ढकलता आली नाही. पियानोवाले पाहुणे आले, सभ्य, तयारीचे, थोडे घाईतले. तालीम सुरू झाली. संथ भागात बासरीची लांब ओळ येते, तिच्या तोंडाशी सगळा वाद्यवृंद क्षणभर थबकला, आणि पियानोवर पाहुणे एकटेच पुढे निघून गेले.

पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

"ही काय खोड?" पाहुण्यांनी हात उचलले. "कागदावर इथे थांबायचं लिहिलेलं नाही!"

बासरीवाली पिटुकली रडकुंडीला आली. "माझ्यामुळे झालं... मला तिथे श्वास पुरत नाही. बाई थांबायच्या. म्हणायच्या, तू घाबरू नकोस, मी हळूच रेंगाळते, कोणाला कळणारही नाही."

इतके महिने लेकीला वाटत होतं, आई तिथे रेंगाळते ती बोटं थकली म्हणून, वय झालं म्हणून... मनातल्या मनात तिने आईची कीवही केली होती!

"उद्यापर्यंत मोडा ही सवय, मॅडम," पाहुणे म्हणाले.

संचालनाची छडी लेकीच्या हातात होती. तिने एक शब्द टाकला असता तर मुलांनी ऐकलं असतं. आणि आईच्या वाजवण्यातलं या जगात जे एवढंसं उरलं होतं, तेही पुसलं गेलं असतं...

"नाही मोडणार," ती म्हणाली. "तुम्हीच थांबा. एका श्वासापुरतं."

पाहुण्यांनी मान डोलावली. "बरं. पण हे शिकवलं कोणी यांना?"

"बाईंनी," ट्रम्पेटवाला पुटपुटला.

"माझ्या आईने." लेकीने छडी खाली ठेवली. "तुमच्या जागी माझी आई वाजवायची. उद्याही तिनेच वाजवायला हवं होतं... आणि हे मी कधी कोणाला म्हटलं नाही. तिलासुद्धा नाही!"