मुके झालेले तांब्याचे हात

मुलांनो, डोळे मिटा आणि एक जागा बघा. विद्यापीठाच्या मोकळ्या पटांगणात सहा खांब गोल उभे आहेत. प्रत्येकावर तांब्याचा उघडा तळहात. एका तळहातावर तुम्ही हात ठेवायचा, पुढच्यावर दुसऱ्या कुणीतरी, आणि मग दोघांनी एकमेकांचा हात धरायचा. लगेच वरच्या घंटा वाजू लागतात. खांबांत अंतर एवढं, की एकट्याचे हात पुरतच नाहीत.

सोमवारी सकाळी मात्र घंटा वाजेनात.

"चार वाजता निवड समिती येणार," शिल्पकार बाई खासगी तपासनीस बाईंना म्हणाली. "हा फक्त नमुना आहे. आवडला तर कायमचं शिल्प करायचं काम मला. नाहीतर इथे कारंजं होणार. दोन वर्षं खपलेय मी यावर."

"शुक्रवारी वाजत होतं," तिची दहा वर्षांची लेक म्हणाली. "घरी गेल्यावरसुद्धा माझ्या बोटांना तांब्याचा वास येत होता."

तपासनीस बाईंनी तळहाताला हात लावला आणि बोटं हुंगली. त्यांचे यजमान, निवृत्त पोस्टमास्तर, दुसऱ्या तळहातावरचं चिलट झटकत होते.

"अगं, हे जातच नाही. मेलंय बहुतेक."

"असू द्या. वायरमनला बोलवा."

वायरमन आला तो कपाळाला आठ्या घालूनच. "तारांच्या डब्याला मी लावलेलं सील तसंच आहे. आता तोडतो आणि आतल्या दोन तारा टेकवून दाखवतो."

त्याने तारा टेकवल्या. घंटा छान वाजल्या.

"म्हणजे काही बिघडलेलं नाही," पोस्टमास्तर म्हणाले.

"मग वाजत का नाही?"

"ते आम्ही तुला विचारतोय."

"आणि मी तुम्हाला," वायरमन म्हणाला.

मग आले इमारत विभागाचे साहेब. कारंजं हवं होतं ते त्यांनाच.

"काल, रविवारी, तुम्ही इथे होतात म्हणे," बाईंनी विचारलं.

"कारंज्याचं माप घेत होतो. लपवायचं काय त्यात? कारंजं बरं, ते कुणाला कुणाचा हात धरायला लावत नाही."

"खांबांना हात लावलात?"

"छे. 'हात लावू नये' असे कागद होते ना खांबांवर. सकाळी काढलेले दिसतात."

"हाच चोर," पोस्टमास्तर बायकोच्या कानात म्हणाले.

"तुमचं सकाळपासूनचं हे तिसरं नाव आहे. दुसरं माझं होतं."

शेवटी रखवालदारमामा आले. ते दमले होते, पण खुशीत होते.

"समिती येणार म्हणून तीन दिवस राबतोय. बाकं, दारं, पाट्या, सगळं चकाचक केलं. या शिल्पावर माझा फार जीव आहे हो. रोज संध्याकाळी मी आणि बायको येऊन वाजवतो. लग्नाला तीस वर्षं झाली, पण चारचौघांत तिचा हात धरायची सोय आत्ता झाली."

तपासनीस बाईंनी सगळ्यांना खांबांपाशी उभं केलं.

"तारा टेकवल्या की घंटा वाजतात. म्हणजे वीज ठीक आणि घंटाही ठीक. सहा खांबांतल्या सहा तारा एकाच वेळी तुटतील का? नाही. मग अडथळा कुठे? माणसाचा हात आणि तांबं यांच्यामध्ये."

"मध्ये तर काहीच नाही," पोस्टमास्तर म्हणाले.

"आहे. शुक्रवारी बोटांना तांब्याचा वास येत होता, आज येत नाही. तुम्ही झटकलंत ते चिलट जाईना, कारण ते चिकटून वाळलंय. आणि हात लावण्यासाठीच केलेल्या शिल्पावर 'हात लावू नये' असा कागद कोण लावतं? ज्याचा रंग ओला आहे तो. काल या तळहातांवर व्हार्निश चढलं. व्हार्निशमधून वीज जात नाही. बाकांबरोबर तेही चकाचक झाले."

सगळे रखवालदारमामांकडे बघू लागले.

"समितीला लखलखीत दिसावं म्हणून," मामा हळूच म्हणाले. "सगळ्यात चांगला डबा यांच्यासाठीच ठेवला होता."

शिल्पकार बाईने पिशवीतून पॉलिश पेपर काढला आणि शेजारचे दोन तळहात खसाखसा घासले. पोस्टमास्तरांनी एकावर हात ठेवला. दुसऱ्यापाशी साहेबच उभे होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, तळहातावर हात ठेवला आणि नाइलाजाने पोस्टमास्तरांचा हात धरला.

घंटा वाजल्या. साहेबांनी हात लगेच सोडला नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

"साडेतीन झाले," शिल्पकार बाई म्हणाली. "चार तळहात राहिलेत. दोन वर्षांची मेहनत वाया... मामा, अहो मामा?"

मामा मान खाली घालून फाटकाकडे निघाले होते. मुलगी धावत गेली. तिने आईच्या पिशवीतला दुसरा पॉलिश पेपर मधोमध फाडला, अर्धा मामांच्या हातात दिला आणि तिसऱ्या खांबाकडे बोट दाखवून म्हणाली, "हा तुमचा." मग ती चौथ्यापाशी गेली आणि बाह्या सरसावून घासायला लागली.