रेस दे

चूक माझ्या बाबांची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण टायरवाले काका ही गोष्ट सांगतात तेव्हा चूक कुणाचीच नसते. भूत आलं की बाकीचे सगळे सुटतात. मोठ्या माणसांना भुतं त्यासाठीच आवडत असावीत.

काका सांगतात ते शटर ओढल्यावर, गल्लीतला दिवा नेहमीसारखा बंद असताना. आम्ही गॅरेज गल्लीतली पोरं जुन्या टायरांवर बसतो. "माझ्या ओळखीचा एक मिस्त्री होता," अशी सुरुवात. ओळखीचा! मिस्त्री पलीकडे उलट्या ड्रमवर बसलेला असतो आणि मी त्याचा मुलगा. सगळ्यांना माहीत आहे. तरी ओळखीचा.

तर एका ड्रायव्हरचा स्वतःचा जुना ट्रक होता, पुढे लांब बॉनेट असलेला. माणूस इतका उंच की केबिनमध्ये मान वाकवूनच बसायचा, म्हणून सगळे त्याला उंट म्हणायचे. त्याच्या इंजिनाचं काम बाबांनी केलं. गाडी गेली आणि चार दिवसांत परत आली.

"मिस्त्री, गाडी अडखळते."

"कशी?"

"ओव्हरटेकला पाय दाबला की क्षणभर काहीच नाही. मेल्यासारखी. मग एकदम उचलते."

"इंजिन नवीन बांधलंय. रुळेल."

"रुळायला काय नवी सून आहे? जरा बघा तरी."

बाबांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "गाडीत काही नाही, उंटा. तुझा पाय एवढा लांब, वरून निघालेला जोर खाली पोचेपर्यंत वेळ लागतो." गल्ली हसली. काका सगळ्यांत मोठ्याने हसले होते. हे ते गोष्टीत सांगत नाहीत.

उंटही हसला. गाडी घेऊन गेला. रविवारी एका चढावर त्याने ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढली. समोरून बस आली. त्याने पाय दाबला. क्षणभर काहीच नाही... मग उचलली असेल. ते बघायला उंट राहिला नाही.

ट्रक ओढून अपघाती गाड्यांच्या आवारात आणला. मंगळवारी सकाळी तपासणारे साहेब येणार होते. बाबांना अपघाताचं ऐकल्या ऐकल्याच कळलं होतं काय झालंय ते. डिझेलच्या नळीच्या जोडावर तांब्याचा वायसर असतो, मधे भोक असलेली चपटी चकती. जोड सोडला की वायसर नवा घालायचा. बाबा जुनाच लाल होईपर्यंत तापवून, पाण्यात विझवून परत बसवायचे. तापवलं की तांबं मऊ पडतं, जोड धरतो. उंटाच्या वेळी जेवायची घाई होती. तापवला नाही, नुसता उलटा करून बसवला. जोड हवा ओढत होता, आणि डिझेलमध्ये हवा शिरली की इंजिन अडखळतं. साहेबांनी तो जोड सोडला असता तर मिस्त्रीचं नाव संपलं असतं, आणि मिस्त्रीकडे नावाशिवाय काही नसतं.

सोमवारी रात्री सव्वाबाराला बाबा घरातून निघाले. काका इथे अमावस्या घालतात. अमावस्या नव्हती. चांगला चंद्र होता.

"एवढ्या रात्री कुठे?" आईने विचारलं.

"वायसर बदलून येतो."

दूध घेऊन येतो म्हणावं तसं.

आवाराचा वॉचमन ओळखीचा होता. त्याने कुलूप काढलं आणि परत जाऊन झोपला. ट्रक भिंतीला लागून उभा होता. ड्रायव्हरची बाजू आत गेली होती, इतकी की सीट आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये उशी घालता आली नसती. इंजिनाला ओरखडाही नव्हता. बाबांनी बॉनेट उचललं. टॉर्च तोंडात धरला. जोड सोडला, जुना वायसर काढून भिंतीपलीकडे भिरकावला, नवा घातला, नळीतली हवा काढली. हात थरथरला नाही, असं काका कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुकाचं काही दिसत नाही.

आता चालवून बघायला हवं होतं. नव्या वायसरनेही गाडी अडखळली असती तर दोष दुसरीकडे होता आणि तो शोधायला रात्र पुरली नसती. बाबांनी ट्रकच्या बॅटरीच्या सोडवून ठेवलेल्या वायरी जोडल्या. पलीकडच्या दाराने आत वाकून किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं. ते उतरून पुढे आले. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ उजव्या कानाला. असंच ऐकतात. आत कुठे काय वाजतंय ते सळईतून थेट कानात येतं.

पहिलं नोझल, इंजिनात डिझेल फवारणारं. ठीक. दुसरं. ठीक.

"रेस दे," बाबा म्हणाले.

इंजिन चढलं.

"सोड."

उतरलं.

तिसरं नोझल. "रेस दे." चढलं. आता अडखळत नव्हती. पाय दाबला की लगेच उचलत होती, लोण्यासारखी. बाबांना बरं वाटलं. वायसरच होता तर.

"सोड," म्हणाले. उतरलं.

चौथ्यावर सळई टेकवली आणि...

इथे काका थांबतात. कुणीतरी हमखास विचारतं, "काका, भूत उंच होतं का?"

"गप रे! मध्ये तोंड घालू नकोस."

गॅरेजमध्ये हे काम दोघांचं असतं. एक इंजिनाला कान लावून हाक देतो, दुसरा केबिनमध्ये बसून पॅडल दाबतो. बाबांनी उभ्या आयुष्यात हजारदा हाक दिली असेल. तोंडाला सवय.

त्या रात्री ते एकटे आले होते.

त्यांनी मान वळवली नाही. सळई तशीच धरून उभे राहिले. इंजिन सावकाश चालत होतं. बॉनेटच्या आडून केबिन दिसत नव्हती. नुसता पंपावरचा लिव्हर दिसत होता, पॅडलच्या दांडीला जोडलेला.

"कोण आहे?"

काही नाही.

"वॉचमन?"

लांबून वॉचमनचं घोरणं येत होतं.

बाबांनी काहीच म्हटलं नाही. रेस दे म्हटलं नाही.

लिव्हर हलला.

सावकाश. पाय जपून ठेवावा तसा. इंजिन चढलं. अजून चढलं. अडखळलं नाही. बघ... बघ, म्हणत असल्यासारखं.

"सोड."

सोडलं नाही.

"अरे सोड... सोड ना!"

इंजिन किंचाळायला लागलं. बॉनेट थडथडलं. सळई कानात होती. काढावी हे सुचलं, पण हात ऐकेना. आवाज आत गेला... आत... पार आत.

मग डाव्या हाताने कसाबसा डिझेल तोडायचा खटका ओढला.

इंजिन बंद.

केबिनमधून पॅडल वर आल्याचा आवाज व्हायला हवा होता. स्प्रिंगचा. तेवढा एक. बाबा वाट बघत उभे राहिले.

आला नाही.

पहाटे दार मी उघडलं. "काय झालं?" विचारलं. परत विचारलं. बाबा माझ्या बाजूने भिंतीला हात लावत आत गेले.

सकाळी साहेबांनी जोड सोडून पाहिला. उत्तम. इंजिन चालवून पाहिलं. उत्तम. मग टॉर्च केबिनमध्ये मारला. पॅडल तळाला टेकलेलं. खाली काही अडकलेलं नाही, स्प्रिंग शाबूत, पंपावरचा लिव्हर आपल्या जागी सैल. दोघांनी सळई घालून उचकटलं, तरी वर आलं नाही.

"शेवटपर्यंत दाबून धरलेला पाय," साहेब म्हणाले. "बेफाम चालवत होता."

रात्री बाबा किल्ली फिरवायला वाकले तेव्हा पॅडल वर होतं. बाबांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. साहेबांच्या शेजारीच उभे होते, गप्प. टायरवाले काकाही होते, आणि बाबांनी तोवर त्यांना सगळं सांगितलेलं होतं. दोष उंटाच्या नावावर गेला. त्याची बायको आवाराच्या फाटकाशी उभी होती. तिला कुणी आत बोलावलं नाही.

बाबांचा उजवा कान गेला. बाकी सगळं जागेवर आहे.