दिव्याची मान

"भिंतीला नावं ठेवायच्या आधी, स्टूल हलतंय का ते बघ!"

हे आईचं वाक्य. फिरकीने घड्याळ टांगायला खिळा ठोकला होता, तो पुन्हा पुन्हा तिरकाच बसत होता आणि फिरकी भिंतीवर चिडली होती. आई स्वयंपाकघरातूनच ओरडली. खाली वाकून बघितलं, तर स्टुलाचा एक पाय पायपुसण्यावर चढलेला!

ते वाक्य आत्ता आठवायचं काही कारण नव्हतं. फिरकी सुट्टीला आत्याकडे आली होती आणि समोर बसून काका, म्हणजे आत्याचे यजमान, आत्याला शहाणपण शिकवत होते.

"कबूल कर, तुला अंधारात दिसत नाही," काका पोळी मोडत म्हणाले. "वय झालं की असं व्हायचंच. स्कूटरची किल्ली माझ्या कपाटात आहे, ती तिथेच राहील."

आत्या नर्स होती. संध्याकाळी घरोघर जाऊन जखमा धुणं, पट्ट्या बदलणं हे तिचं काम. चार दिवसांपूर्वी कालव्याच्या वळणावर ती स्कूटरसकट खड्ड्यात गेली होती आणि दोन्ही गुडघे सोलवटून घरी आली होती.

"मला दिसतं," आत्या शांतपणे म्हणाली. "समोरून पांढरा उजेड आला, वरून. त्यानंतर रस्ताच दिसेना."

"वरून? आकाशातून?" काका खो खो हसले. "विमान आलं असेल!"

फिरकीने ताटातली मिरची उगाचच चिरडली. बायकांचं म्हणणं ऐकायच्या आधी हसून घ्यायचं, ही काकांची जुनी खोड होती. गंमत म्हणजे याच काकांना स्वतःचा चष्मा कपाळावर असताना घरभर सापडायचा नाही!

"मास्तरीणबाईंचं काय?" आत्याने विचारलं. कालव्यापलीकडे राहणाऱ्या मास्तरीणबाईंच्या पायाला मोठी जखम होती आणि त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. "त्यांना मी शब्द दिलाय, जखम भरेपर्यंत रोज येईन म्हणून. चार दिवस झाले, शेजारीण कशीबशी पट्टी गुंडाळते. काल फोनवर सांगत होत्या, पाय ठणकतोय."

"दुसरं कुणी जाईल," काका म्हणाले आणि कढईतली उरलेली भाजी स्वतःच्या ताटात ओढून मोकळे झाले.

जेवणानंतर ओट्यावर सभा भरली. सभेला तिघं होती. फिरकी, तिचा आतेभाऊ खिशा, ज्याच्या अर्ध्या चड्डीच्या खिशात गोट्या, दोरा, खिळे आणि अर्धवट खाल्लेलं चॉकलेट एकत्र नांदायचं, आणि त्याची धाकटी बहीण काऊ. दर वाक्याला "का?" विचारते म्हणून ती काऊ.

"आई खोटं बोलत नाही," खिशा म्हणाला.

"मग बाबा का हसले?" काऊने विचारलं.

"कारण हसायला डोकं लागत नाही!" फिरकी उसळून म्हणाली. "उद्या आपण वळणावर जाऊन बसू. कळेल कुठलं विमान येतं ते!"

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळता मावळता तिघं वळणावर पोचली. कालव्याच्या काठाला दगडी कठडा होता. खिशा आणि काऊ कठड्याआड बसली. फिरकी रस्त्याच्या कडेला सायकलवर बसली, म्हणजे डोळे आत्याच्या डोळ्यांच्या उंचीला येतील. तिच्या पाठीमागे पंपघराची पांढरी भिंत होती.

एक मोटार आली. तिचा उजेड रस्त्यावर पसरला, फिरकीच्या गुडघ्यांवरून गेला, संपलं. मग एक टेम्पो आला. त्याचंही तसंच.

"कंटाळा आला," काऊ म्हणाली. "आपण का..."

तेवढ्यात सगळं पांढरं झालं! फिरकीला सायकलचा दांडा दिसेना, रस्ता दिसेना, स्वतःचे हात दिसेनात. तिने घाबरून पाय टेकला, तो टेकला चिखलात. घर्रर्र करत काहीतरी प्रचंड बाजूने गेलं.

"जिराफ!" खिशा ओरडला.

तो जिराफच होता. गावातल्या गॅरेजवाल्याची लाल पिकअप. चाकांवर उंच उचललेली, माणसाने शिडी लावून चढावं अशी. हा गॅरेजवाला हौशी लोकांच्या पिकअप अशाच उंच करून द्यायचा आणि जाहिरात म्हणून स्वतःची गावभर मिरवायचा. मुलांनी त्याचं नाव लेझरशेठ ठेवलं होतं, कारण त्याच्याकडे कसंही धरलं तरी सपाट रेघ मारणारं एक लेझर यंत्र होतं आणि त्याबद्दल ऐकवल्याशिवाय तो कुणाची हवासुद्धा भरून देत नसे.

"बघितलंस? उजेड पंपघराच्या छपराखालच्या खिडकीवर पडला!" खिशा म्हणाला.

फिरकी डोळे चोळत म्हणाली, "आत्या म्हणाली होती ना, वरून!"

सकाळी तिघं गॅरेजात हजर झाली आणि आत्या खड्ड्यात कशी पडली ते त्यांनी सांगितलं.

"माझा दिवा?" लेझरशेठने पोटावर हात फिरवला. "पोरांनो, हेडलाइट लावणं म्हणजे पणती लावणं नव्हे. समोरून येणारे सगळे मला बघून दिवे मिचकावतात. सलाम करतात सलाम!"

फिरकीने खिशाकडे बघितलं. लोक बिचारे जीव मुठीत धरून 'दिवा खाली कर' म्हणत होते आणि हा सलाम मोजत होता!

"पण तुम्ही अप्पर लावता ना?" खिशाने विचारलं.

"अप्पर? मी कायम डिपरवर, खालच्या झोतावर चालवतो. या, बघा! फुकट शिकवतो."

त्याने शटर अर्धं ओढून अंधार केला. पिकअप भिंतीकडे तोंड करून उभी होतीच. दिव्याच्या मध्यावर यंत्र धरून त्याने बटण दाबलं. भिंतीवर सरळ, आडवी लाल रेघ उमटली. मग डिपर लावला. उजेडाची वरची कड लाल रेघेच्या बरोबर बोटभर खाली, जशी हवी तशी!

"आता बोला! लेझर खोटं बोलत नाही. तुमच्या आईला म्हणावं, चष्मा कर. आणि स्वयंपाकघरात उजेड भरपूर असतो, तिथे गाडी चालवायला सांगा!"

त्याचे दोघे कामगारही फिदीफिदी हसले. खिशाचे कान लाल झाले. त्याने रागाने खिशात मूठ आवळली, तसा खिसा उसवला आणि एक गोटी टणकन फरशीवर पडली.

गोटी थांबली नाही. कुणी ढकलली नव्हती, तरी ती आपली रमतगमत पिकअपच्या खालून निघाली, पुढच्या चाकाला चाटून गेली आणि भिंतीखालच्या गटारात टुपकन पडली.

"ती एकटीच का गेली?" काऊने विचारलं.

"का म्हणजे? उतार आहे!" लेझरशेठ गुरगुरला. "नवीन फरशी केली ती अशीच करून घेतली. गाड्या धुतल्या की पाणी आपोआप गटारात. याला म्हणतात डोकं!"

स्टूल हलतंय का ते बघ!

फिरकीने वाकून पिकअपच्या चाकांखाली बघितलं. भिंतीवरची रेघ सरळ होती. भिंत सरळ होती. पण पिकअप कुठे सरळ होती? ती तर उतारावर, मान खाली घालून उभी होती! मान खाली घातलेल्या गाडीचे दिवे लेझरशेठने समोर बघायला लावले होते. ती सपाट रस्त्यावर गेली की मान वर होणार आणि दिवे थेट लोकांच्या डोळ्यांत बघणार! त्यात दिवे आधीच एवढ्या उंचावर!

ती बोलणार होती. पण लेझरशेठच्या चेहऱ्याकडे बघून तिने तोंड मिटलं. या माणसाला समजावून सांगणं म्हणजे त्या गोटीला उतार चढायला सांगणं!

"शेठ, तुमचं अगदी बरोबर आहे," ती गोड आवाजात म्हणाली. "पण आमच्या आत्याला पटतच नाही हो. तुम्ही एकदा सगळ्यांसमोर दाखवाल? इथे जागा कमी पडेल. शाळेमागच्या बास्केटबॉलच्या मैदानावर दाखवा ना! लोक जमतील."

लोक जमतील म्हटल्यावर लेझरशेठ फुगला. "आज संध्याकाळीच!" तो म्हणाला. "फोटो काढणाऱ्याला पण बोलवा!"

बाहेर आल्यावर खिशाने डोक्याला हात लावला. "फिरके, तू त्यांच्या बाजूची कधी झालीस?"

"गोट्या भरपूर घे," फिरकी हसून म्हणाली. "तिथे लागतील."

संध्याकाळी मैदानावर अर्धा गाव लोटला. आत्याही आली, हातात पट्ट्यांची पिशवी घेऊन. काकांनी खास हट्टाने तिची स्कूटर आणवली होती आणि स्वतः तिच्यावर बसून शाळेच्या भिंतीकडे पाठ करून ते थाटात म्हणाले, "मी बसतो हिच्या जागी. बघू या कोण आंधळं होतं ते!"

पिकअप भिंतीसमोर उभी राहिली. खिशाने मैदानावर मूठभर गोट्या ठेवल्या. एकही हलली नाही.

"हा काय पोरखेळ?" लेझरशेठ ओरडला.

"जमीन बघतोय," खिशा म्हणाला. "तुमच्या गॅरेजात पळाली, इथे पळत नाही."

लेझरशेठने यंत्र दिव्यापाशी धरलं. भिंतीवर लाल रेघ उमटली, काकांच्या डोक्याच्या थोडी वर. "आता उजेड कुठे पडतो बघा, रेघेच्या खाली!" असं म्हणत त्याने डिपर लावला.

उजेड रेघेच्या खाली पडला नाही. रेघ ओलांडून वर चढला, भिंतीच्या टोकालाही न जुमानता शाळेच्या गच्चीवर गेला आणि तिथल्या टाकीवरची कबुतरं फडफडत उडाली!

"अरे! अरे बंद करा! मला काही दिसेना!" काका किंचाळले. त्यांनी हात झाडले, पाय झाडला आणि स्कूटर एकीकडे, काका दुसरीकडे! स्कूटर कलली ती शहाण्यासारखी स्टँडला टेकून. काका मात्र साफ आडवे.

"बाबा, विमान आलं का?" काऊने विचारलं. तिने ते खरंच विचारलं होतं. मैदान हसून लोटपोट झालं.

लेझरशेठ यंत्राला थपडा मारत होता. "हे... यात... सेल गेला असेल!"

"यंत्र बरोबर आहे," फिरकी म्हणाली. "तुम्ही गाडीच्या पायाखाली बघितलं नाहीत. पाणी वाहून जावं म्हणून फरशीला उतार दिलात आणि त्याच उतारावर दिवे लावलेत. गाडी तिथे मान खाली घालून उभी असते, रस्त्यावर मान वर करते. आणि ते लोक सलाम करत नव्हते हो! दिवा खाली करा म्हणत होते!"

लेझरशेठचं तोंड एवढंसं झालं. "मला शंका होतीच," तो पुटपुटला. अशा माणसांना शंका नेहमी नंतरच येते!

"मग आता इथेच करा," आत्या पुढे येऊन म्हणाली. आवाज जराही चढला नाही. "आणि उंच गाडी आहे, तेव्हा नेहमीपेक्षाही खाली. उद्या तुम्ही उंच केलेल्या सगळ्या गाड्या इथे बोलवा."

लेझरशेठने मुकाट्याने बॉनेट उघडून दिव्यामागचा स्क्रू फिरवला. उजेड गच्चीवरून उतरला, रेघेवरून उतरला आणि काकांच्या मळलेल्या विजारीच्या गुडघ्यांवर येऊन थांबला.

"शाबास गं पोरी!" काका धूळ झटकत फिरकीच्या पाठीवर थाप मारायला आले. "आमच्या घरचीच हुशारी!"

फिरकी हळूच बाजूला सरकली. थाप हवेतच राहिली.

"किल्ली, काका," तिने तळहात पुढे केला. "आणि आत्याला काही म्हणायचंय का तुम्हाला?"

काकांनी खिसे चाचपले, घसा खाकरला, जमिनीकडे बघितलं. "चुकलं माझं," ते अखेर म्हणाले. किल्ली त्यांनी फिरकीच्या नव्हे, आत्याच्या हातावर ठेवली.

आत्या हसली नाही की टोमणा मारला नाही. मुलांच्या केसांतून तिने हात फिरवला, जरा जास्तच वेळ. मग पिशवी उघडून पट्ट्या, औषध, कात्री सगळं आहे ना ते बघितलं.

लोक अजून जिराफाभोवती गलका करत होते. तिने स्कूटर सरळ केली, आरसा पुसला आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत फाटकातून बाहेर पडली. तिचा लहानसा दिवा समोरच्या रस्त्यावर पडत पडत कालव्याकडे, मास्तरीणबाईंच्या घराकडे निघाला.