मोगऱ्याचा संशय

पहिल्यांदा तो मला दिसला नाही, ऐकू आला. चव बघायच्या खोलीच्या दाराशी पोचते न पोचते तोच आतून असा काही भुरका आला, की हातातल्या ट्रेमधले कप हिंदकळले. पाठोपाठ पचकन थुंकल्याचा आवाज!

"बाबा, कोण हा रानटी माणूस?"

"हळू!" बाबा कुजबुजले. "कॉफीची चव तपासायला आलेत. भुरका मारायचा, तोंडात घोळवायची, थुंकायची. गिळायची नाही. त्यांचा नियम असतो तो."

रानटी माणसाने मान वर केली. हातात चमचा, ओठावर कॉफीचा थेंब, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर.

आज आमच्या मळ्यातल्या जुन्या झाडांचा निकाल होता. त्यांचं बी पणजोबांनी दूरदेशातून मोज्यात लपवून आणलं, असं बाबा सांगतात. आत्या म्हणते, छे, पणजीने अंबाड्यात खोचून आणलं. "मोज्यातल्या बियांना असा वास येईल का?" हा तिचा बिनतोड मुद्दा. पण ही झाडं फळ देणार ओंजळभर आणि नखरे करणार ढीगभर. चव पसंत पडली तर राहणार, नाहीतर सोमवारी करवत. मी त्या झाडांखाली चालायला शिकले होते.

मी ट्रेमधले कप त्याच्यासमोर मांडले, जुन्या झाडांचा सगळ्यात आधी, आणि शेजारीच उभी राहिले. भुरका.

"मोगरा," तो डोळे मिटून म्हणाला. "काय सुरेख मोगरा आहे!"

बाबांचा चेहरा उजळला. तो पुढच्या कपाकडे वळला. त्यात आमची नेहमीची, नव्या झाडांची कॉफी होती.

"यातही मोगरा?"

मग त्याने चमचा विसळायचं गरम पाणी चाखलं आणि चमचा खाली ठेवला.

"पाण्यालाही मोगरा लागतोय. इथे कुणीतरी अत्तर लावलंय."

मी कोपऱ्यात उभ्या असलेल्या आत्याकडे पाहिलं. आत्या छताकडे पाहत होती. 'तपासणारा तरुण आहे म्हणे,' असं म्हणत सकाळी तिनेच माझ्या कानामागे अत्तराचं बोट फिरवलं होतं. आणि कॉफी चाखायच्या खोलीत अत्तर लावून जायचं नसतं, हे आमच्याकडे मांजरालाही माहीत आहे!

त्याने बाबांचा वास घेतला. "धूर." मग आत्याचा. "लसूण." मग तो माझ्याजवळ आला, आणि थांबला. माझे कान तापले.

"जाते मी बाहेर."

"म्हणजे... अत्तर छान आहे."

"छान आहे म्हणून हाकलताय?"

"छान आहे म्हणूनच. लक्ष लागत नाही."

बाहेर भुरभुर पाऊस होता. मी खिडकीखाली, पागोळ्यांच्या आत, भिंतीला चिकटून उभी राहिले. आत जुन्या झाडांचा कप पुन्हा भरल्याचा आवाज आला. मग भुरका. आता थुंकेल म्हणून मी श्वास रोखला.

थुंकलाच नाही.

"अगं बाई!" आतून आत्या किंचाळली. "भुरकेवाल्यानं गिळली!"

तो बाहेर आला तेव्हा शाळेत कॉपी करताना सापडल्यासारखा लाल झाला होता.

"असं कधीच होत नाही माझं," तो म्हणाला. "आधी जर्दाळू, मग मध... आणि थुंकायचं सुचलंच नाही. झाडं तोडू नका, असं लिहून देतोय."

मला रडू फुटलं आणि हसूही. मी ओढणीने नाक पुसलं, तेही त्याच्यासमोर.

"आणि मोगरा?"

"कॉफीत नाहीये." तो पागोळ्यांकडे बघत राहिला. "मघापासून... तेवढाच कमी वाटतोय."

खिडकीत आत्याचं डोकं उगवलं आणि बाबांनी ते आत ओढलं.

"रविवारी येऊ का?" त्याने विचारलं. "झाडं बघायला."

"झाडं?"

"झाडं... पण."

"मग अत्तर लावू की नको?"

"लावा," तो म्हणाला आणि त्याने पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. "रविवारी मला सुट्टी असते. कशावरही लक्ष लागलं नाही तरी चालतं."

डोळ्यांचं सांगायचं राहिलंच की! काळेभोर होते. आणि मला फार, फार आवडले.