डोंगरानं नाव घेतलं

कुंदन टेम्पो घेऊन आजाला न्यायला आला, तेव्हा उन्हं उतरली होती. पनवेलजवळच्या त्या डोंगराखाली आता त्यांचं एकच घर उभं होतं. बाकीचं गाव दारं-खिडक्या उचकटून नव्या वसाहतीत गेलेलं. इथं विमानतळ होणार होता. उद्या उरलेल्या डोंगराला सुरुंग लागणार होते.

बुधाजी आजा ओट्यावर बिडी ओढत बसलेला.

"ऊठ आजा. का सुरुंगावर बसूनच विमानात जातोस?"

"तू जा. मी नाय येनार."

कुंदनच्या डोक्यात किडा वळवळला. गाव मिठागरवाल्यांचं, भलतं तोंडाळ. सगळा कारभार ओरडून चालायचा. पण एका गोष्टीची थट्टा कुणी करत नसे. माणूस मेलं की घरचा कुणीतरी डोंगरासमोर उभा राहून हाळी द्यायचा, 'अमका आला रे!' डोंगर ती परत द्यायचा. म्हणजे डोंगरानं नाव घेतलं. मगच तिरडी उचलायची.

कुंदननं अंगणात जाऊन तोंडाभोवती हात धरले.

"बुधाजी आला रेऽऽ!"

डोंगर अर्धा कापलेला. तरी हाळी परत आली. स्वच्छ.

आता म्हातारा काठी घेऊन अंगावर येणार, म्हणून कुंदन पळायच्या तयारीत. पण आजानं बिडी विझवली आणि निमूट टेम्पोत जाऊन बसला.

"आजा… शिव्या तरी घाल ना."

आजानं टेम्पोचं दार ओढून घेतलं.

नव्या घरी तो खुर्चीत बसला तो बसलाच. जेवेना, बोलेना. डॉक्टर म्हणाले, नाडी बरी आहे. तिकडं सुरुंग उडाला की इकडं आजाच्या खांद्यांवर लाल माती पडायची. आई झाडून काढायची. कुंदनला रडूही येत नव्हतं.

डोंगर संपला त्या संध्याकाळी तो परत तिथं गेला. नुसता सपाट मुरूम. सुरुंगाच्या जळक्या दारूचा वास.

"बुधाजी जित्ता हाय रेऽऽ! मस्करी केली मी… सोड त्याला!"

आवाज आपटायला डोंगरच नव्हता.

खिशात फोन वाजला. आई होती.

"कुंदन, आजा उठला रं! भात मागून घेतला. अजून वाढ बोलतोय!"

कुंदन मटकन खाली बसला. "आलोच… आलोच मी."

फोन ठेवला. आणि बुडाखालच्या मुरमातून आजाचा आवाज आला, अगदी हळू.

"कुंदन… तुझी आय कोनाला वाढतेय रं? मी तं हितं हाय."