मेण लावलेली फळी

दोघांची गाठ पडली ती शाळेच्या जिन्यात. ती नवी विज्ञानाची बाई, हातात प्रयोगाचं सामान घेऊन वर चाललेली. तो सुतार, पाठीवर मोडका बाक घेऊन खाली येणारा.

"सरका बाई, उतारावर मला थांबता येत नाही—"

"उतारावर काय होतं ते मला नका सांगू. मी तेच शिकवते."

तोवर बाकाचा कोपरा तिच्या खांद्याला लागलाही होता.

पुढे महिनाभर तो बाक दुरुस्त करत होता, आणि का कोण जाणे, सगळे मोडके बाक नेमके प्रयोगशाळेच्या आसपासच निघत होते. काम करता करता तो तिचा तास ऐकायचा आणि मग खिडकीत येऊन डोकं खायचा.

"अडवलं नाही तर वस्तू चालतच राहते म्हणता. मग माझी सायकल का थांबते?"

"रस्ता अडवतो तिला. त्यालाच घर्षण म्हणतात."

"म्हणजे चूक रस्त्याची."

आता असल्या माणसाशी काय बोलायचं? पण एखाद्या दिवशी तो खिडकीत आला नाही, की तिचं शिकवण्यात लक्ष लागेना. तो तिला आवडू लागला होता, आणि याचा तिला भयंकर राग यायचा.

ती वर्षभरासाठीच नेमलेली होती. शुक्रवारी मुख्याध्यापिका तिचा तास बघणार होत्या. तास जमला तर नोकरी कायम; नाही तर गाशा गुंडाळून आईच्या गावी परत. गुरुवारी हे तिने खिडकीत उभ्या असलेल्या त्यालाही सांगून टाकलं. तो टेबलावरच्या जुनाट फळीकडेच बघत राहिला, आणि तिला तेही खटकलं.

शुक्रवारी मुख्याध्यापिका पहिल्याच बाकावर बसल्या. प्रयोग साधा होता. फळीवर लाकडी ठोकळा ठेवायचा, फळी एका टोकाने हळूहळू उचलायची आणि ठोकळा किती अंशांना घसरतो ते बघायचं. तिने दहादा करून पाहिलं होतं, बावीस अंश. फळ्यावर तसं लिहूनही ठेवलं होतं.

ठोकळा नऊ अंशांनाच सुटला आणि थेट मुख्याध्यापिकांच्या पायाशी गेला. वर्ग खदखदून हसला.

तिने फळीवर बोट फिरवलं. गुळगुळीत, चकचकीत, मेणाचा वास. हे कुणाचं काम ते वेगळं विचारायला नको होतं. सुताराने घोळ घातला, एवढं म्हटलं असतं तर ती सुटली असती आणि त्याचं काम त्याच दिवशी गेलं असतं. तिने दात-ओठ खाल्ले आणि फळी उलटी केली.

"ठोकळा तोच, वजन तेच. आता बघा."

मेण न लावलेल्या बाजूवर ठोकळा दहाला हलला नाही, पंधराला नाही, वीसलाही नाही. मुलं उठून पुढे आली. बाविसाव्या अंशाला तो घसरला.

"म्हणजे पृष्ठभागावर आहे सगळं," एक मुलगी म्हणाली. मुख्याध्यापिकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि जाता जाता सोमवारपासून कायम समजा, असं सांगून गेल्या.

ती तडक मागच्या शेडमध्ये गेली. तो रंधा मारत होता.

"घर्षण शिकवायच्या फळीला मेण लावतं का कुणी?"

"जुनाट दिसत होती हो. म्हटलं, जरा चमकली तर मोठ्या बाई खूश होतील... तुम्ही इथंच राहाल."

"मी राहावं म्हणून मला घालवायची वेळ आणलीत."

त्याचा चेहरा खरोखर उतरला. "गेलं का काम?"

"नाही. झाले कायम." तिचा आवाज उगाच मऊ झाला, म्हणून तिने तो परत चढवला. "यापुढे मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही."

"बरं." तो कानावरची पेन्सिल काढून तिच्याकडेच बघत राहिला. "आणि लग्न करायचं असलं तर... तेही विचारूनच ना?"

"तेही."

"मग... विचारतोय."

तिने कपाळाला हात लावला. सगळं जग सोडून या माणसाला भुशाच्या ढिगातच हे सुचावं.

"हो," ती म्हणाली. "पण पुन्हा विचारा. जरा नीट. आईला सांगता येईल असं."

त्याने पेन्सिल खाली ठेवली, अंगावरचा भुसा झटकला आणि पुन्हा विचारलं.